सत्याक्कांचं जड चाक

तर तो मीटर वाचायला आलेला माणूस अजून प्रयोगशाळेच्या दारातच उभा होता. एका हातात टॉर्च, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण आलो आकडा टिपायला आणि ही बाई आपल्याला जात्यावर का बसवते आहे. सत्याक्कांनी त्याला स्टुलावर बसवलं, दिव्याला जोडलेल्या चाकाची मूठ हातात दिली आणि म्हणाल्या, "फिरव अण्णा. महिन्याच्या महिन्याला लोकांनी किती वीज जाळली ते लिहून नेतोस. एकदा एक दिवा स्वतः जाळून बघ."

त्यानं फिरवलं. बल्ब आधी तांबूस झाला, मग पिवळा, आणि त्यानं जोर लावल्यावर चांगला लख्ख पेटला. गडी खूश झाला. पण ती खुशी दम लागेपर्यंतच. हात जरा ढिला पडला की दिवा लगेच तोंड पाडून बसायचा. शेवटी त्यानं मूठ सोडली, कपाळ पुसलं आणि विचारलं, "अक्का, ही मेहनत शाळेच्या बिलातून वजा करायची का?"

"कर की. पण एक युनिट व्हायला असं किती वेळ बसावं लागेल, ते आधी तूच काढ. पेन्सिल आहे ना कानावर."

त्यानं भिंतीला टेकून हिशेब मांडला. उत्तर बघून पुन्हा एकदा मांडला. मग मीटरचा आकडा घेतला आणि चालू लागला. पुढच्या महिन्यापासून तो फाटकातूनच हाक मारायचा, "अक्का, आत येत नाही, घाईत आहे."

अशा या सत्याक्का. पूर्ण नाव सत्यवती. बंगळूरला चामराजपेटेत समाजाची एक शाळा होती, तिथं त्या विज्ञान शिकवायच्या. समाज म्हणजे शहाजीराजांच्या मागोमाग इकडं उतरलेल्या आणि परत जायचं राहूनच गेलेल्या मराठी घराण्यांचा. शाळेत शिकवणं चालायचं कन्नड आणि इंग्रजीत. मराठी फक्त कमिटीच्या बैठकीत भांडायला राखून ठेवलेली. सत्याक्कांचं बोलणंही त्याच घरातलं, 'बरं'च्या जागी कन्नड 'सरी', 'जरासं'च्या जागी 'स्वल्प', आणि राग आला की शुद्ध मराठी.

त्यांचं यंत्र बघाल तर हसाल. वडील विठोजींनी सायकल सोडून बस धरली, तेव्हा त्या सायकलचं पुढचं चाक कॉलेजात शिकणाऱ्या या लेकीनं काढून घेतलं. लाकडी चौकटीत ते आडव्या आसावर बसवलं, आऱ्यांना एक मूठ बांधली आणि टायरला सायकलचाच डायनॅमो टेकवला. चाक फिरलं की डायनॅमोचं डोकं गरगरायचं आणि दोन तारांतून वीज बाहेर पडायची. यंत्र एवढंच. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "आत एक लोहचुंबक आहे, भोवती तांब्याची तार आहे. बाकी सगळा तुझा हात."

आणि हात म्हणजे कुणाचाही हात. तक्रार घेऊन आलेले पालक, पोस्टमन, सरस्वतीपूजनाला आलेले भटजी, कुणीही चाक फिरवल्याशिवाय त्या खोलीतून सुटलं नाही. फार काय, सत्याक्कांना बघायला पाहुणे आले, तेव्हासुद्धा चहाच्या आधी चाक पुढं आलं होतं. पहिल्या मुलानं दोन वेढे दिले आणि मनगट चोळत बसला. त्याला नकार गेला. दुसरा मात्र एक अक्षर न बोलता चहा निवेपर्यंत फिरवत राहिला. त्याच्याशी लग्न झालं. पुढं त्या गृहस्थांनी उभ्या संसारात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही. सत्याक्का म्हणायच्या, "माझा प्रयोग बरोबर होता. निष्कर्ष चुकला."

त्या चाकाची एक खोड होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे, म्हणून नीट सांगायला हवी. तारेला काही जोडलेलं नसलं की चाक हलकं फिरायचं, लहान पोरानं फिरवावं इतकं. बल्ब जोडला की लगेच जड. दुसरा जोडला की आणखी जड. म्हणजे जात्यासारखंच. दाणे न घालता जातं कितीही फिरवा, हाताला काही लागत नाही, आणि पीठही पडत नाही.

हे शाळेचे सेक्रेटरी संताजीराव यांना कधी पटलं नाही. संताजीरावांचं चिकपेटेत रेशमी साड्यांचं दुकान. सत्याक्कांपेक्षा ते वयानं धाकटे आणि याच शाळेतून शिकलेले, त्यामुळं सत्याक्का त्यांना सरळ 'संताजी' म्हणायच्या. 'संताजीराव' म्हणाल्या की समजायचं, काहीतरी चुकलं. एकदा त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि काळजीनं म्हणाले, "अक्का, मशीन बिघडलंय. नुसतं छान फिरतं, दिवा लावला की अडतं."

"दिवा लावला की अडायलाच पाहिजे, संताजी."

"स्वल्प तेल सोडा की."

"तेल सोडलं तर टायर घसरेल आणि डायनॅमो फिरायचा बंद होईल. मग मात्र अगदी मऊ फिरेल बघ. तुझ्या मनासारखं."

संताजीराव हसले, पण पटलं नाही. दुकानात गिऱ्हाइकापुढं पदर असा अलगद उलगडायचा, की कापडाची सळसळसुद्धा गिऱ्हाइकाला जड जाऊ नये, अशी त्यांची रीत. जड म्हणजे खराब, हलकं म्हणजे उंची, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

एका वर्षी सत्याक्कांच्या नववीतल्या मुलींनी पुठ्ठ्याचं एक घर केलं. हॉल, स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, प्रत्येक खोलीत टॉर्चचा एक बारका बल्ब, आणि प्रत्येकाला पत्र्याच्या पट्टीचं बटण. सगळ्या घराला वीज त्या एका चाकाची. एक मुलगी चाकावर बसायची, बाकीच्या बटणं दाबायच्या. एका खोलीतला दिवा लागेपर्यंत चाकावरची गप्प असायची. देवघरातला लागला की ती मान वळवायची. न्हाणीतला लागला की मात्र ओरडायची, "कोण आहे गं न्हाणीत? किती वेळ? बंद कर तो दिवा." मग दुसरी चाकावर बसली की तीही तेच ओरडायची. घरोघरी आया जे रोज बोलतात आणि मुली ज्याच्याकडं कानाडोळा करतात, ते त्या चाकावर बसल्यावर आपसूक तोंडातून यायचं. त्या वर्षी त्या मुलींच्या आयांना सत्याक्कांचा फार आदर वाटायला लागला.

आणि नेमकं त्याच वर्षी संगणक आले.

म्हणजे यायचे होते. नव्वदीची मधली वर्षं ती. बंगळूरात जो तो संगणक शिकायला निघालेला. इंदिरानगरात पुण्याहून आलेल्या एका कंपनीचं ऑफिस होतं, तिथले साहेब शुभंकर नगरकर यांनी कंपनीत जुने झालेले संगणक शाळेला द्यायचं कबूल केलं होतं. मराठी माणूस, मराठी समाजाच्या शाळेला देतोय, कमिटीला केवढं अप्रूप. अडचण एकच होती, खोली. संगणकाला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, खिडकीला जाळी पाहिजे, दाराला भक्कम कुलूप पाहिजे. अशी खोली शाळेत एकच, सत्याक्कांची प्रयोगशाळा. कमिटीनं मनात खोली ठरवून टाकलीसुद्धा. पडद्यांचं माप झालं. बाहेर चपलांसाठी फळी ठोकायचं ठरलं, कारण त्या काळी संगणकापुढं चपला काढूनच जायचं, देवळात गेल्यासारखं.

प्रयोगशाळा गेली असती तर चाक माळ्यावर जाणार, पुठ्ठ्याचं घर रद्दीत जाणार आणि सत्याक्का फळ्यावर खडूनं चुंबक काढून वीज शिकवणार. त्यांना हे फारच झोंबलं. बैठकीत त्या म्हणाल्या, "संगणक आणा, माझं काही म्हणणं नाही. मीही शिकेन. पण तो ठेवायला दुसरी खोली करा. मुलींना बटण दाबायला शिकवायच्या आधी बटणामागं काय असतं ते हाताला कळू दे."

बैठकीत दोन तट पडले. संताजीरावांना भांडण सोसत नसे. त्यांनी मधला रस्ता काढला: नगरकर साहेब उद्घाटनाला येतीलच, ते प्रयोगशाळा बघतील, मुलींचं घर बघतील, आणि खोली ठेवायची की द्यायची ते सांगतील. ते जे म्हणतील ते कमिटीनं मान्य करायचं. सत्याक्कांनी मान्य केलं. त्यांना वाटलं, साहेब इंजिनिअर आहे, चाकाला हात लावला की बोलायचं काही उरणार नाही.

हात लावण्यावरूनच पुढं घोटाळा झाला. आपल्याकडं पाहुण्यांनी हात लावायचा असतो, काम करायचं नसतं. झाड लावायला पाहुणे येतात तेव्हा झाड आधीच लावलेलं असतं. ते फक्त लोटीतलं पाणी घालतात. पायाभरणीला गवंड्यानं सगळा चुना लिंपलेला असतो. पाहुणे थापी टेकवतात आणि फोटो निघतो. संताजीराव या कामात तरबेज होते. त्यांच्या हातून सत्कार झालेल्या एकाही माणसाच्या कपाळावर कधी घाम आला नव्हता, आणि हे ते अभिमानानं सांगायचे.

समारंभाची वेळ सत्याक्कांनी मुद्दाम दुपारची धरायला लावली होती. त्या वेळेला पेटेतली वीज रोज जायची. अंधाऱ्या खोलीत फक्त पुठ्ठ्याचं घर उजळलेलं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. त्या दिवशी वीज अशी ठाण मांडून बसली, की पंख्यांच्या वाऱ्यानं पताका तुटायला आल्या. सत्याक्का दोनदा वर बघून म्हणाल्या, "आज बरी आठवण राहिली वीजवाल्यांना."

साहेब आले. वयानं तरणे, सुटाबुटात, बोलायला गोड. फाटकाशी स्वागत झालं. सत्याक्का तिथंच होत्या. डोक्यावर म्हैसूरी पेटा, म्हणजे इकडची पगडी, चढला, गळ्यात चंदनाचा हार पडला, खांद्यावर शाल, हातात फळांची टोपली. साहेब म्हणाले, "अहो, एवढं कशाला, आय अ‍ॅम रिअली टच्ड." मग मिरवणूक प्रयोगशाळेत आली.

मधल्या टेबलावर चाक आणि घर मांडलेलं होतं. सकाळी टेबल उघडं होतं. आता चाकाघराखाली संताजीरावांच्या दुकानातलं जरीकाठी वस्त्र अंथरून जमिनीपर्यंत सोडलेलं होतं. सत्याक्कांना वाटलं, असू दे, त्याला तेवढीच हौस. टेबलाशी शिपाई गुंडूअण्णा उभा होता. हा गुंडूअण्णा एरवी चाकाला तेलपाणी, तारांना कथलाचा डाग, सगळं सत्याक्कांच्या शब्दावर करणारा. आज तो छताकडं बघत होता.

"सर, हे आमच्या मुलींनी केलंय," संताजीराव म्हणाले. "आपण फक्त हात लावायचा."

साहेबांनी टोपली खाली ठेवली आणि मूठ धरली. पेटा जरा कलंडला, तो एका हातानं सावरत दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी चाक फिरवायला सुरुवात केली. मुलींनी एकेक बटण दाबलं, हॉल उजळला, स्वयंपाकघर उजळलं, देवघर, न्हाणी, सगळं घर दिवाळीसारखं. टाळ्या पडल्या.

सत्याक्कांनी टाळी वाजवली नाही. त्या आवाज ऐकत होत्या. चार दिव्यांचं ओझं घेतलं की डायनॅमो घोगरा होतो, चाक ओढ खातं. हा आवाज बारीक होता, मजेत शीळ घातल्यासारखा. आणि दोन बोटं. चार दिवे लावायला मुली दोन्ही हातांनी वाकून जोर लावायच्या, हा माणूस दोन बोटांनी फिरवत होता आणि हसून फोटोग्राफरकडं बघत होता. सत्याक्कांनी गुंडूअण्णाकडं पाहिलं. गुंडूअण्णा छताकडंच.

साहेब थांबले. चाक हळूहळू थांबलं.

घर पेटलेलंच राहिलं.

हॉल, स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी. चाक ढिम्म आणि दिवे मजेत. मग मागं कुणीतरी टाळी वाजवली, आणि आधीपेक्षा दुप्पट कडकडाट झाला. थांबल्यावरही दिवा देणारं चाक बंगळूरात काय, कुठंच कुणी पाहिलं नव्हतं.

संताजीराव सत्याक्कांच्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "अक्का, रागावू नका. सुटातला माणूस, पेटा घातलेला, त्याला एवढं जड चाक कसं फिरवायला लावायचं? म्हणून मीच गुंडूला सांगितलं. डायनॅमोची तार सोडवली आणि वस्त्राखाली सेल लावलेत. तुमचंच काम सोपं व्हावं म्हणून. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

"आणि थांबल्यावर?" सत्याक्का म्हणाल्या.

"थांबल्यावरचं राहिलं," संताजीराव म्हणाले. "आजवर कुठल्या पाहुण्यांना थांबल्यावरचं बघायची सवय नव्हती."

त्यांनी हे वाईट बुद्धीनं केलं नव्हतं, हे सत्याक्कांना कळत होतं. हा माणूस त्यांची खोली वाचवायलाच निघाला होता. आणि खरी गंमत पुढंच, कारण खोली वाचलीही. नगरकर साहेब वळून कमिटीला म्हणाले, "नाही, नाही, ही लॅब हलवायची नाही. धिस इज एक्झॅक्टली व्हॉट वी नीड. संगणकांना दुसरीकडं सोय करा, पार्टिशनला काय लागेल ते कंपनी बघेल." कमिटीतल्या ज्या लोकांनी पडद्यांची मापं घेतली होती, तेच आता जोरजोरात माना डोलवायला लागले. एकजण म्हणालाही, "आम्ही पहिल्यापासून तेच म्हणत होतो."

म्हणजे जे सत्याक्कांना बैठकीत भांडून मिळालं नव्हतं, ते त्यांच्या पदरात येऊन पडलं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. सोपं काम. वर्गात पोरांना त्या दिवसातून दहादा सांगायच्या, गप्प राहा. एकदा स्वतः राहायला काय हरकत होती?

पण साहेब इंजिनिअर होते. ते पुन्हा चाकाकडं वळले, खाली वाकून तारा बघायला लागले, आणि उठून कौतुकानं म्हणाले, "मॅडम, आत कपॅसिटर बसवलाय ना? चार्ज साठवून ठेवायला? व्हेरी क्लेव्हर."

"कपॅसिटरच, सर," संताजीराव ताबडतोब म्हणाले. कपॅसिटर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण साहेबांच्या तोंडून आलंय म्हणजे चांगलंच असणार. "मोठा बसवलाय. उत्तम दर्जाचा."

साहेबांनी सत्याक्कांकडं पाहिलं. सगळ्या कमिटीनं पाहिलं. साहेबांनी उत्तर तयार करून त्यांच्या हातात ठेवलं होतं. नुसती मान हलवायची होती. मान हलली की खोली त्यांची, चाक त्यांचं, पुढची सगळी वर्षं त्यांची. 'हो' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता, हे त्यांनी पुढं स्वतःच कितीदा तरी सांगितलं.

टेबलाच्या पलीकडं त्या नववीतल्या मुली ओळीनं उभ्या होत्या, ज्यांनी पुठ्ठा कापला, तारा जोडल्या आणि तळहात लाल होईपर्यंत चाक फिरवलं होतं. चाक थांबल्यावर दिवा राहत नाही, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पेटलेल्या घराकडं बघत नव्हत्या. बाईंकडं बघत होत्या.

संताजीराव पुन्हा कानाशी पुटपुटले, "अक्का, खोली..."

सत्याक्कांनी पदर खोचला, जरीकाठी वस्त्राची लोंबती कड वर उचलली आणि म्हणाल्या, "नाही साहेब, कपॅसिटर नाही. हे खाली सेल आहेत, तुम्हाला कष्ट नकोत म्हणून आमच्याच लोकांनी लावलेले, आणि तुम्ही जे फिरवलंत त्यानं अजून एकही दिवा लागलेला नाही. कोट काढून ठेवा, पेटाही काढा, मी तार जोडते. खोलीचं काय ते चाक फिरवून झाल्यावर सांगा."